वेबपानावरील मजकूर-निवड : प्रवाह आणि वृक्ष

वेबपानावर जे दिसते त्यातील बहुतेक सर्व काही ते पान रचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. अक्षरांचा आकार, स्तंभांची रुंदी, दुव्यांचा रंग, चित्रांची जागा यांपैकी कशावरही वाचकाचा फारसा अधिकार चालत नाही. माउसचे बटण दाबून मजकुरावरून ओढत नेल्यावर उमटणारा निळसर पट्टा मात्र वाचकाचा स्वतःचा असतो. कोठून सुरुवात करायची आणि कोठे थांबायचे हे तो ठरवतो, आणि नक्कल घेणे, खोडणे, ठळक करणे, टीप जोडणे हे पुढचे सारे व्यवहार त्याच्या या निर्णयावर उभे असतात. संगणकाच्या परिभाषेत या पट्ट्याला ‘सिलेक्शन’ म्हणजे निवड म्हणतात, आणि मजकुराच्या कोणत्याही सलग भागाची सुरुवात व शेवट नोंदवून ठेवणाऱ्या, प्रोग्रॅमला हाताळता येणाऱ्या वस्तूला ‘रेंज’ म्हणतात. वाचकाची निवड प्रोग्रॅमला कळावी, गरजेप्रमाणे तिची टोके पुढे-मागे सरकवता यावीत आणि मजकूर बदलला तरी ती योग्य जागी टिकावी, यासाठी १९९७ पासून जे प्रयत्न झाले त्यांत दोन कल्पना सतत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मजकूर म्हणजे अक्षरांचा सलग प्रवाह, ही पहिली. आणि दस्तऐवज म्हणजे शाखा-उपशाखांचा वृक्ष, ही दुसरी. दुसरी कल्पना मानक ठरली, पण वाचकाच्या अनुभवाला पहिलीच अधिक जवळची होती, आणि मानक ठरून गेल्यानंतरची अनेक वर्षे त्या पहिल्या कल्पनेकडे परतण्याचा मार्ग शोधण्यात गेली.

निवड ही कल्पना वेबहून जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे माउस आणि पडद्यावरील मजकूर-संपादन यांचे जे जाहीर प्रात्यक्षिक केले, त्यातील प्रणालीत आधी क्रिया सांगावी लागे आणि मग ती कोणत्या मजकुरावर करायची ते दाखवावे लागे. हा क्रम उलटा करण्याचे श्रेय प्रामुख्याने लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांना जाते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, पाठ्यपुस्तके छापणाऱ्या गिन अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेसाठी त्यांनी १९७४-७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ नावाचा संपादक तयार केला. त्याच केंद्रातील ‘ब्रावो’ हा आधीचा संपादक अवस्थांवर चालणारा होता, म्हणजे एकच कळ एका अवस्थेत अक्षर उमटवी आणि दुसऱ्या अवस्थेत आज्ञा ठरे. त्यामुळे भलत्या अवस्थेत ‘एडिट’ हा शब्द टंकला तर पहिल्या अक्षराने सारा दस्तऐवज निवडला जाई, दुसऱ्याने तो खोडला जाई, तिसऱ्याने नवा मजकूर घालण्याची अवस्था सुरू होई आणि चौथे अक्षर तेवढे पडद्यावर शिल्लक राही. जिप्सीमध्ये माउस ओढून मजकूर निवडता येई, दोनदा टिचकी मारून शब्द निवडता येई, आणि आज्ञा नंतर दिली जाई. आधी निवड आणि मग क्रिया हा क्रम पुढे ॲपलच्या १९८३ मधील लिसा आणि १९८४ मधील मॅकिंटॉश या संगणकांद्वारे सर्वत्र रूढ झाला.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा तो केवळ वाचण्याचे साधन नव्हता. त्यात मजकुराचा एखादा भाग निवडून त्यावर खूण करता येई आणि दुसऱ्या ठिकाणच्या निवडीला त्या खुणेशी दुव्याने जोडता येई. वाचणे आणि लिहिणे यांत तेथे भिंत नव्हती. १९९३ मध्ये मोझेइक हा ब्राउझर लोकप्रिय झाला आणि वेबचा प्रसार वेगाने सुरू झाला, परंतु लोकांच्या हाती जे ब्राउझर पोचले ते मुख्यतः वाचण्यापुरते होते. निवड उरली ती नक्कल घेण्यापुरती, आणि ती ब्राउझर व वाचक यांच्यातील खासगी बाब झाली. पानाला तिचा पत्ता नसे. ही हानी मोठी होती. पानावरच लिहिण्याची सोय पुन्हा मिळवण्यासाठी वेबला पुढे दशकाहून अधिक काळ खर्चावा लागला, आणि या इतिहासातील बहुतेक गुंतागुंत त्या पुनर्प्राप्तीच्या धडपडीतूनच उद्भवली आहे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली आणि पानाला स्वतःची हालचाल करता येऊ लागली. १९९७ मधील नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टला वाचकाची निवड प्रथमच विचारता येऊ लागली, पण उत्तर मिळे ते केवळ निवडलेल्या अक्षरांचे. तो मजकूर पानात नेमका कोठे आहे, त्याच्या आधी-नंतर काय आहे, तो कोणत्या परिच्छेदात मोडतो यांपैकी काहीच कळत नसे. ज्या निवडीची जागाच ठाऊक नाही ती सरकवता येत नाही, त्यामुळे या सोयीचा उपयोग शब्दकोशात शब्द शोधून देण्यासारख्या किरकोळ कामांपलीकडे गेला नाही.

त्याच वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने मात्र एक पूर्ण विचार मांडला. त्यात निवडीपासून ‘टेक्स्टरेंज’ नावाची वस्तू तयार करता येई, आणि तिच्या भाषेत परिच्छेद, ठळक अक्षरे, दुवे या रचनेला जवळजवळ स्थानच नव्हते. तिला अक्षर, शब्द, वाक्य आणि संपूर्ण मजकूर एवढी चारच मापे ठाऊक होती. सुरुवातीचे टोक दोन शब्द मागे न्यावे, शेवटचे टोक एका वाक्याने पुढे सरकवावे, रेंज विस्तारून पूर्ण शब्द पकडावा, अमुक मजकूर शोधून रेंज त्यावर ठेवावी, अशा आज्ञा एकेका ओळीत देता येत. मध्ये तिरपी अक्षरे असोत वा दुवा असो, मोजणी त्यांवरून सहज पुढे जाई, कारण या कल्पनेत पान म्हणजे एक लांब ओळ होती. मुद्रितशोधक जसा कागदावर बोट ठेवून शब्दाशब्दाने पुढे सरकतो, तशीच ही रेंज सरके. टेक्स्टरेंजची ही बाजू पुढील काळातील टीकेत झाकली गेली, म्हणून ती येथे ठळकपणे नोंदवणे आवश्यक आहे: वाचकाच्या मनातील मजकुराला इतके जवळ जाणारे साधन पुढे कित्येक वर्षे वेबच्या मानकांत नव्हते.

तिचे दोषही गंभीर होते. ती एका कंपनीच्या एका ब्राउझरपुरती होती. रेंजचे टोक रचनेत नेमके कोठे आहे हे तिच्याकडून सरळ कळत नसे. सर्वांत जवळचा मूळ घटक तेवढा सांगितला जाई. अनेक ओळींच्या लेखनचौकटीत कर्सर कोठे आहे हे शोधायचे, तर प्रोग्रॅमर रेंजचे पहिले टोक चौकटीच्या आरंभापर्यंत मागे ओढत आणि मध्ये सापडलेल्या मजकुराची लांबी मोजत. त्यातही ओळ तोडणाऱ्या खुणा कधी एक, कधी दोन मोजल्या गेल्याने उत्तर चुके. जागा लक्षात ठेवण्यासाठी तिच्याकडून एक सांकेतिक मालिका मिळे, परंतु तिचा अर्थ ब्राउझरशिवाय कोणालाच लावता येत नसे.

दुसरी कल्पना वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानक ठरवणाऱ्या संस्थेत आकार घेत होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये या संस्थेने ‘डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल’ म्हणजेच डॉमची पहिली पातळी जाहीर केली, आणि तिने पान हे वृक्ष असल्याचे अधिकृतपणे मांडले. या वृक्षातील प्रत्येक घटकाला ‘नोड’ म्हणतात. परिच्छेद हा एक नोड, त्यातील ठळक भाग हा त्याचा अपत्य-नोड, आणि प्रत्यक्ष अक्षरे ही सर्वांत टोकाच्या मजकूर-नोडांत साठवलेली. १३ नोव्हेंबर २००० रोजी दुसऱ्या पातळीचा वृक्षभ्रमण आणि रेंज यांविषयीचा भाग शिफारस म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांत सॉफ्टक्वॉडचे पीटर शार्प आणि लॉरेन वूड, नेटस्केपचे विदुर अप्पाराव, आयबीएमचे जो केसेलमन, तसेच माइक चॅम्पियन आणि जोनाथन रॉबी यांचा समावेश होता. सॉफ्टक्वॉड ही कॅनडातील कंपनी संरचित दस्तऐवजांचे संपादक बनवणारी होती. ज्यांचा व्यवसायच परिच्छेद, प्रकरणे आणि उपविभाग यांच्या काटेकोर रचनेचा, त्यांनी रेंजकडे रचनेच्या बाजूने पाहावे हे स्वाभाविक होते.

या मानकातील रेंज दोन सीमाबिंदूंनी बनते, आणि प्रत्येक सीमाबिंदू म्हणजे एक नोड आणि त्या नोडातील एक क्रमांक. नोड मजकुराचा असेल तर तो क्रमांक आरंभापासूनची अक्षर-एकके मोजतो. नोड घटकाचा असेल तर तो अपत्ये मोजतो. ‘आज सकाळी मुंबईत पाऊस पडला.’ असा एक परिच्छेद घ्यावा आणि त्यात ‘मुंबईत’ हा शब्द ठळक आहे असे मानावे. परिच्छेद-नोडाला तीन अपत्ये होतील : ‘आज सकाळी’ हा मजकूर-नोड, ठळकपणाचा घटक, आणि ‘पाऊस पडला.’ हा दुसरा मजकूर-नोड. ‘मुंबईत’ ही अक्षरे ठळक घटकाच्या आत त्याच्या स्वतःच्या मजकूर-नोडात असतील. वाचकाने ‘सकाळी’च्या आरंभापासून ‘मुंबईत’च्या अखेरीपर्यंत ओढले, तर पहिला सीमाबिंदू पहिल्या मजकूर-नोडातील क्रमांक ३ हा असेल. शेवटचा सीमाबिंदू मात्र एकाहून अधिक प्रकारे सांगता येतो. तो ठळक घटकातील मजकूर-नोडाचा क्रमांक ६ असू शकतो, ठळक घटकाचाच क्रमांक १ असू शकतो, परिच्छेदाचा क्रमांक २ असू शकतो, किंवा तिसऱ्या अपत्याचा क्रमांक ० असू शकतो. डोळ्याला जागा एकच दिसते, वृक्षात तिचे चार पत्ते असतात, आणि यांपैकी कोणता वापरायचा हे प्रत्येक ब्राउझर आपापल्या सवयीने ठरवी. त्या जागी कर्सर ठेवून वाचकाने पुढे टंकले तर नवी अक्षरे ठळक उमटतील की साधी, याचे उत्तरही त्यामुळे ब्राउझरगणिक बदले.

सीमाबिंदू बदलण्याचे नियम मानकाने बारकाईने घालून दिले. आरंभबिंदू शेवटबिंदूच्या पुढे नेला, तर शेवटबिंदूही त्याच जागी खेचला जातो आणि रेंज रिकामी होऊन तेथे मिटते. शेवटबिंदू मागे नेला तर त्याच्याउलट घडते. त्यामुळे दोन्ही टोके हलवायची असतील तेव्हा आधी कोणते हलवायचे हा क्रमही प्रोग्रॅमरला सांभाळावा लागतो. रेंजमधील मजकूर बाहेर काढताना जो घटक अर्धाच रेंजमध्ये येतो त्याची प्रत करून तो दोन्हीकडे ठेवला जातो, जेणेकरून अर्धा ठळक शब्द काढला तर काढलेला भागही ठळक राहतो आणि उरलेलाही. याउलट, संपूर्ण रेंजभोवती एक नवा घटक गुंडाळण्याची क्रिया अशा अर्धवट घटकावर नकार देते. रचना अभंग ठेवायची तर दुसरे काही शक्यच नव्हते. पण वाचकाने दोन परिच्छेदांवरून ओढलेला पट्टा पिवळा करून दाखवण्याचे काम, जे वाचकाच्या दृष्टीने सर्वांत साधे, तेच प्रोग्रॅमरसाठी सर्वांत अवघड होऊन बसले.

मानकाचा सर्वांत सुंदर भाग म्हणजे रेंज जिवंत असते हा नियम. रेंजच्या आधी मजकूर घातला, तर तिचे क्रमांक आपोआप पुढे सरकतात. सीमाबिंदू ज्या भागात आहे तो भागच खोडला, तर सीमाबिंदू खोडलेल्या जागेच्या आरंभी येऊन थांबतो. प्रोग्रॅमरने काहीही न करता रेंज मजकुराला चिकटून राहते. याची किंमत अशी, की पानात होणाऱ्या प्रत्येक बदलाच्या वेळी ब्राउझरला अस्तित्वात असलेली प्रत्येक रेंज तपासावी लागते. वापरून झालेली रेंज सोडून देण्यासाठी मानकात एक वेगळी आज्ञाच ठेवलेली होती. पुढे ब्राउझरांची स्मृतिव्यवस्था सुधारल्यावर ती आज्ञा नावापुरती उरली. मजकुराबरोबर न हलणारी ‘स्टॅटिकरेंज’ नावाची हलकी वस्तूही कालांतराने मानकात आली.

या मानकात एक मोठी पोकळी राहिली. त्याने रेंज ठरवली, निवड ठरवली नाही. वाचकाची निवड आणि रेंज यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे, तो दिशेचा: निवडीत जेथून ओढणे सुरू झाले ते टोक स्थिर असते आणि दुसरे टोक माउसबरोबर हलते, म्हणून उजवीकडून डावीकडे केलेल्या निवडीत स्थिर टोक मजकुराच्या क्रमाने नंतर येते. रेंजला मात्र फक्त आधीचे आणि नंतरचे टोक ठाऊक असते. मोझिला प्रकल्पाने नेटस्केपच्या खुल्या केलेल्या संहितेवर नवा ब्राउझर उभारताना ही पोकळी स्वतःच्या रचनेने भरली आणि स्थिर टोक, चल टोक, निवडीत रेंज जोडणे, सर्व रेंज काढणे अशा सोयी दिल्या. मोझिलाने एकाच वेळी अनेक तुटक रेंज निवडण्याचीही मुभा ठेवली. ॲपलच्या २००३ मधील सफारीने आणि तिच्या वंशातील ब्राउझरांनी एका वेळी एकच रेंज मानली. सफारीच्या बाजूने आलेली ‘मॉडिफाय’ ही आज्ञा निवडीला अक्षर, शब्द, ओळ, वाक्य, परिच्छेद अशा मापांनी सरकवणारी किंवा ताणणारी होती. म्हणजे टेक्स्टरेंजची जुनी मापे वृक्षाच्या जगात दुसऱ्या दाराने परत आली होती.

यानंतरचे दशक प्रोग्रॅमरांसाठी कष्टाचे गेले. २००३ च्या सुमारास जगातील दहापैकी नऊहून अधिक वाचक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते आणि त्यात मानकातील रेंज नव्हती. जेथे मानक होते ते ब्राउझर अल्पसंख्य होते. पानावरच संपादन करू देण्याची सोय एक्सप्लोररच्या ५.५ या आवृत्तीने २००० मध्ये दिली आणि मोझिलाने २००३ मध्ये, त्यामुळे एफसीकेएडिटर आणि टायनीएमसीई यांसारखे वेब-संपादक २००३-०४ मध्ये पुढे आले; त्यांच्या संहितेत निवडीशी संबंधित प्रत्येक काम दोनदा लिहावे लागे. ठळकपणा लावताना मजकुराची मोडतोड झाली की निवड हरवे, म्हणून अशा संपादकांनी निवडीच्या दोन्ही टोकांना न दिसणारे रिकामे घटक पेरून ठेवण्याची युक्ती वापरली. काम झाल्यावर ते घटक शोधून त्यांच्या जागी टोके परत बसवली जात. विकिपीडियाच्या मिडियाविकी प्रणालीतील लेखनचौकटीवर ठळक, तिरपे अशी बटणे आली तेव्हा त्यामागील संहितेलाही एक शाखा मायक्रोसॉफ्टच्या निवडीसाठी आणि दुसरी मोझिलाच्या आरंभ-शेवट क्रमांकांसाठी ठेवावी लागली. मे २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच प्रणालीवर चालत असल्याने मराठी संपादकाने शब्द निवडून ठळकचे बटण दाबले की हीच दुहेरी संहिता त्याच्यासाठी राबत असे. टिम डाउन यांच्या ‘रँजी’ या संग्रहाने पुढे हे दुहेरीपण झाकून एक्सप्लोररवरही मानकासारखे वर्तन घडवून आणले. त्या काळातील असंख्य संकेतस्थळे अशा निःस्वार्थ श्रमांवर उभी होती हे विसरता कामा नये.

समेटाची सुरुवात चाचण्यांपासून झाली. मार्च २००८ मध्ये इयन हिक्सन यांनी तयार केलेल्या ‘ॲसिड३’ या शंभर उपचाचण्यांच्या संचात वृक्षभ्रमण आणि रेंज यांना पहिल्याच गटात स्थान होते, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना आपल्या रेंजमधील उणिवा जाहीर गुणांच्या रूपाने दिसू लागल्या. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ ने मानकातील रेंज आणि निवड दोन्ही स्वीकारल्या, आणि २०१३ मधील अकराव्या आवृत्तीतून निवडीपासून टेक्स्टरेंज मिळवण्याचा जुना मार्ग काढून टाकण्यात आला. त्याच सुमारास एरिये ग्रेगर यांनी रेंज, निवड आणि संपादनाच्या आज्ञा यांचे तपशील नव्याने लिहिले. ब्राउझर प्रत्यक्षात कसे वागतात ते चाचण्यांनी तपासत आणि प्रत्येक क्रिया पायरीपायरीने मांडत केलेले हे काम डॉमच्या पुढील मानकात विलीन झाले. निवडीचे स्वतंत्र मानक रयोसुके निवा यांच्या संपादकत्वाखाली २०१४ मध्ये पहिल्या मसुद्यापर्यंत पोचले आणि त्यात एका निवडीत एकच रेंज हा नियम पक्का झाला. वृक्षाची बाजू अशी पूर्णपणे जिंकली.

तरीही ज्यांना गंभीर संपादक बांधायचे होते त्यांनी याच काळात वृक्षातील सीमाबिंदूंवर विसंबणे सोडले. गूगल डॉक्सने २०१० मध्ये नवा संपादक आणताना ब्राउझरची संपादनसोय बाजूला ठेवून स्वतःचा कर्सर आणि स्वतःची निवड रेखाटली. विकिपीडियाच्या व्हिज्युअलएडिटरने दस्तऐवजाची एक सरळ यादी मानली, जिच्यात अक्षरे आणि घटकांच्या उघडण्या-मिटण्याच्या खुणा एकामागून एक येतात आणि निवड म्हणजे त्या यादीतील दोन आकडे असतात. मराइन हाव्हरबेके यांच्या प्रोजमिररनेही जागा एकाच आकड्याने सांगितली: प्रत्येक अक्षर एक पाऊल, घटकात शिरणे एक पाऊल, त्यातून बाहेर पडणे एक पाऊल. या मोजणीत टेक्स्टरेंजचा प्रवाह आणि डॉमचा वृक्ष यांचा खरा मेळ आहे. जागा आकड्याइतकी साधी राहते आणि घटकाच्या आत-बाहेर हा भेदही हरवत नाही. १९९८ ते २००० या काळात मानक लिहिणाऱ्यांना हा मार्ग सुचला असता तर पुढील दशकाचे बरेच कष्ट वाचले असते, असे म्हणावेसे वाटते.

निवड टिकवून ठेवण्याच्या प्रश्नानेही प्रवाहाकडेच बोट दाखवले. वाचकाने एखाद्या वाक्यावर टीप लिहिली आणि महिन्याभराने ते पान थोडे बदलले, तर नोड आणि क्रमांक यांनी लिहिलेला पत्ता निरुपयोगी होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये शिफारस झालेल्या वेब-टिपणांच्या मानकाने म्हणून अनेक पर्यायांत एक पर्याय अवतरणाचा दिला: निवडलेला नेमका मजकूर, त्याच्या लगतची आधीची काही अक्षरे आणि नंतरची काही अक्षरे जपून ठेवायची, आणि पुढच्या वेळी मजकुरातच ते शोधून रेंज नव्याने उभी करायची. २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीने दुव्याच्या शेवटी असे शब्द जोडून थेट त्या वाक्यावर नेण्याची सोय आणली, जी ऑक्टोबर २०२४ पर्यंत सफारी आणि फायरफॉक्समध्येही पोचली. पट्टा पिवळा करण्याचे ते जुने दुखणेही २०२२ पासून क्रोममध्ये आणि पाठोपाठ सफारीत सुटले, कारण आता वृक्षात नवे घटक न पेरता केवळ रेंजची नोंद करून तिला रंग देता येतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र मोजमापाच्या एककाचा आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे मराठी संकेतस्थळे खास फाँटांवर चालत, ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, पण निवडून नक्कल घेतली की हाती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक गुंता येई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, तरी ती सामान्य संगणकावर पोचली विंडोज २००० बरोबर, आणि तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेला होता. तेव्हापासून मराठी मजकुराची निवड खऱ्या अर्थाने मजकुराची झाली. परंतु डॉमच्या रेंजमधील क्रमांक सोळा बिटांची एकके मोजतात, आणि देवनागरीत प्रत्येक व्यंजन, प्रत्येक काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील न दिसणारे हलन्त-चिन्ह हे स्वतंत्र एकक असते. ‘मुंबईत’ या शब्दात डोळ्याला मुं, ब, ई, त अशी चार अक्षरे दिसतात, तर रेंजला सहा. ‘स्त्री’ हे एक अक्षर रेंजच्या लेखी सहा एककांचे. मानक या सहांच्या मध्ये कोठेही सीमाबिंदू ठेवू देते. अशा जागी मजकूर कापला तर एका बाजूला पाय मोडलेले व्यंजन उरते आणि दुसऱ्या बाजूला आधार नसलेली वेलांटी टिंबांच्या वर्तुळावर लटकते.

मराठीत यात आणखी एक अडचण मिसळते. ‘दुसऱ्या’ हा शब्द ऱ या स्वतंत्र संकेताने लिहिला तर सात एकके होतात, आणि साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिला तर आठ. दिसायला दोन्ही सारखेच. युनिकोड या दोहोंना समान मानत नाही, म्हणून एका पद्धतीने जपलेले अवतरण दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात अक्षरशः जुळवून शोधले तर सापडत नाही, आणि टीप आपली जागा गमावते.

युनिकोडच्या मजकूर-विभाजनाच्या नियमांनी वाचकाला एक अक्षर वाटणारा गट कोणता हे ठरवले जाते, पण त्या नियमांतही ‘क्ष’सारखे जोडाक्षर हलन्तापाशी दोन गटांत तुटत असे. सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ ने देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांसाठी नवा नियम घालून जोडाक्षर अखंड ठेवले. हे विभाजन जावास्क्रिप्टला उपलब्ध करून देणारी ‘सेगमेंटर’ ही सोय क्रोममध्ये २०२० पासून, सफारीत २०२१ पासून आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ पासून आहे. रेंजच्या मानकातील एकक मात्र बदललेले नाही आणि जुनी संहिता मोडेल म्हणून ते बदलण्याची शक्यताही नाही. म्हणून मराठी मजकुरासाठी संपादक, शुद्धलेखन-तपासनीस किंवा टिपणांची साधने लिहिणाऱ्यांनी सीमाबिंदूचा क्रमांक मोजून थेट वापरू नये. आधी सेगमेंटरकडून अक्षरांच्या सीमा घ्याव्यात, दोन्ही टोके त्यांपैकी जवळच्या सीमेवर बसवावीत, आणि अवतरण जपताना किंवा शोधताना ‘ऱ्य’सारख्या रूपांचे एकच लेखन ठरवून घ्यावे.